वाडीवर जायचंय? मग मंगळवारी चला

जून लागला की मला पाच-सहा फोन ठरलेले. कोणी कोथरूडचं, कोणी बाणेरचं, कोणी नुकतंच निवृत्त झालेलं, कोणी पहिल्या पगारातून थोडे पैसे बाजूला काढलेलं. प्रश्न एकच: ‘आदिवासी मुलांसाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?’ माझा उलट प्रश्नही ठरलेला: महिन्यातले दोन मंगळवार मोकळे काढता येतील का? पलीकडे जरा शांतता होते. रविवार सगळ्यांनाच जमतो. पण रविवारी तहसील बंद, पंचायत समिती बंद, शाळा बंद, अंगणवाडीला कुलूप. आणि आपलं निम्म्याहून जास्त काम याच चार दारांशी उभं राहून करायचं असतं.

मंगळवार जमणार असेल त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

आधी माणसं ओळखा

पुणे जिल्ह्यात ‘आदिवासी’ म्हणजे एकच एक समाज नाही. जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर. मावळ, मुळशी, वेल्हे, भोरकडे कातकऱ्यांच्या वाड्या. महादेव कोळ्यांकडे बहुधा थोडी भातखाचरं असतात, हिरड्याची झाडं असतात, भावकीत एखादा शिक्षक निघतो. कातकऱ्यांचं तसं नाही. खैरापासून कात काढणारा हा समाज. जंगल हातातून गेलं तसा तो कोळसाभट्टीवर आणि पुढे वीटभट्टीवर आला. महाराष्ट्रातल्या तीन आदिम, म्हणजे सरकारने विशेष दुर्बल मानलेल्या, जमातींत कातकरी येतात. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. बऱ्याच कातकरवाड्यांत घराखालची जागासुद्धा दुसऱ्याच्या नावावर असते, आणि त्यामुळे पुढचं किती काय अडतं ते काम सुरू केलं की दिसेलच.

खुद्द शहरात फासेपारधी कुटुंबं आहेत, पुलाखाली, सिग्नलच्या कडेला. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात हे पुण्यातल्या भल्याभल्यांना माहीत नसतं. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांतली ही एक. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र चौकीतल्या बोलण्यात अजून ऐकू येतो. म्हणून वही-पेन घेतलेला माणूस दिसला की इथल्या बाया पोरं उचलून चालू लागतात. रागावू नका. वही पिशवीतच ठेवा आणि दोन-तीनदा नुसते जा.

एक गोष्ट सुरुवातीलाच तपासून घ्या: तुमची वाडी अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेनुसार आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या गावांत, येते का? जिल्ह्यात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली काही गावंच त्यात आहेत. आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा तिथे लागू होतो. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण देणारी अमृत आहार योजना तिथे चालते. मुळशीतल्या कातकरणीला ते जेवण मिळत नाही, जरी ती जास्त अशक्त असली तरी. याउलट १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम-जनमन योजना जमात पाहून मिळते, त्यामुळे कातकरी कुठेही राहत असले तरी घरकुल, रस्ता, पाणी, वीज यासाठी ती मागता येते. मी सुरुवातीला हा फरक न कळता एका ग्रामसेवकाशी तावातावाने भांडले होते. बरोबर तोच होता.

वाडीवर जाण्याआधी एक दुपार कॅम्पातल्या क्वीन्स गार्डनला घालवा. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय तिथे आहे. मासे पकडायची साधनं, बोहाड्याचे मुखवटे, शेतीची अवजारं नीट बघा. वाडीवर गेल्यावर एखाद्या म्हाताऱ्या बाबाच्या हातात तसंच काही दिसलं की बोलायला विषय मिळतो.

पाऊस हा कागदांचा हंगाम

माझी पहिली फजिती सांगते. डिसेंबरात चाळीस दप्तरं गाडीत घालून मावळातल्या एका कातकरवाडीवर गेले. वाडीत सहा म्हातारी माणसं, दोन कुत्री आणि दारांना काट्या लावलेली घरं. एक आजी म्हणाली, ‘बाय, पोरं भट्टीवं गेली. पाऊस पडला की या.’ दप्तरं घेऊन परत आले.

दिवाळी झाली की मजूर नेणारा मुकादम येतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, आणि नवरा-बायकोची जोडी मुलांसकट वीटभट्टीवर जाते. परतायला मे उजाडतो, कधी पहिला पाऊस. म्हणजे कुटुंब घरी असतं ते भाताच्या आवणीपासून दिवाळीपर्यंत. तेवढे चार-पाच महिने कागदांचे. उरलेले महिने भट्टीवर जाऊन शाळेची आणि अंगणवाडीची सोय लावायचे. वर्षाचं काम असं दोन भागांत लावून घेतलंत तर निम्मा जाच कमी होईल.

पहिल्या तीन भेटींत काही नेऊ नका. खाऊ नाही, कपडे नाहीत. एकदा वाटायला लागलात की तुम्ही ‘वाटणारी बाई’ होता आणि मग कोणी खरी अडचण सांगत नाही, यादी सांगतं. ओट्यावर बसा, चहा दिला तर प्या, काळा असला तरी.

कागद

इथे मी जरा थांबणार आहे, कारण नवीन लोक इथेच घाई करतात.

वाडीतल्या घरात कागद मागितलात तर बाई उठून कुडाच्या फटीतून किंवा छपराच्या वाशाला अडकवलेली प्लॅस्टिकची पिशवी काढेल. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक. सगळ्यात आत चार-पाच घड्या: अर्धं उंदराने खाल्लेलं लसीकरणाचं कार्ड, शाई पसरलेलं रेशनकार्ड, नवऱ्याचं आधार, आणि एखादं निवडणुकीचं पत्रक, कारण त्यावरही शिक्का दिसतो. काही टाकू नका. जागच्या जागी मोबाइलवर फोटो काढा आणि मूळ कागद तिच्याच हातात परत द्या. ‘मी नेते, झेरॉक्स करून आणते’ हे वाक्य तोंडातून काढू नका. हरवला तर तिचा सहा महिन्यांचा हेलपाटा असतो.

पहिला कागद जन्माचा. जन्माची नोंद जिथे बाळंतपण झालं तिथे होते, कुटुंब राहतं तिथे नाही. बाळ पुण्यातल्या दवाखान्यात जन्मलं असेल तर दाखला महापालिकेकडे. भट्टीवरच्या झोपडीत जन्मलं असेल तर ती भट्टी ज्या ग्रामपंचायतीत त्या ग्रामपंचायतीकडे. कितीतरी आया वर्षानुवर्षं आपल्या गावच्या पंचायतीत खेपा घालत असतात आणि ‘नोंद नाही’ ऐकून परत जात असतात. आधी विचारा: ‘बाळंत कुठं झालीस?’ मग: ‘तेव्हा कोणत्या शेठकडं होतीस?’ उत्तरातून गाव निघतं.

जन्मल्यापासून २१ दिवसांत नोंद केली तर काही लागत नाही. एक वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, म्हणजे तहसील किंवा प्रांत कचेरी. तिथे पुरावा म्हणून आशाताईची नोंद, माता-बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीचं रजिस्टर, लसीकरणाच्या तारखा, जे मिळेल ते लावा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. तेव्हा वाडीत पोटुशी बाई असेल तर बाळंतपणाआधीच आशाताईशी बोलून ठेवा. एकवीस दिवसांतली ती एक खेप पुढच्या वीस खेपा वाचवते. मोठ्या मुलांच्या जन्मतारखा बघून हसू नका. अर्ध्या वाडीचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण गुरुजींनी तीच तारीख घातलेली असते.

जन्मदाखल्यानंतर आधार. पाच वर्षांखालच्या मुलांना ठसे लागत नाहीत, आई किंवा बापाचं आधार चालतं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे अद्ययावत करावे लागतात. मग रेशनकार्डात मुलांची नावं. कातकरी कुटुंबाला अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांसाठीचं, रेशनकार्ड मागता येतं, त्यावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं आणि ते भट्टीजवळच्या दुकानातही उचलता येतं. दुकानदार ‘तुमच्या गावाला जा’ म्हणेल. मंगळवारची तुमची सोबत इथेच कामाला येते: बाई एकटी गेली तर परत पाठवतात, शेजारी कोणी शांतपणे उभं असलं की रेशनचं मशीन चालू होतं. का, ते मला विचारू नका.

जातीचा दाखला सगळ्यात शेवटी घ्या, पण त्याची तयारी पहिल्या दिवसापासून करा. अर्ज सेतूतून, सही प्रांताधिकाऱ्यांची. पुढे बारावीनंतरच्या प्रवेशाला जात पडताळणी समितीपुढे जावं लागतं आणि तिथे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. आजोबा शाळेतच गेले नव्हते तर तो आणायचा कुठून? गाव नमुना नंबर १४ म्हणजे कोतवालाने ठेवलेली जुनी जन्म-मृत्यूची नोंद शोधा. त्यात पणजोबाच्या नावापुढे जात लिहिलेली सापडू शकते. वडिलांकडच्या रक्तातल्या कोणाला पडताळणी मिळाली असेल तर तिची प्रत सोन्यासारखी जपा.

शाळेच्या जनरल रजिस्टरवर स्वतः नजर टाका. तिथे ‘हिंदू महादेव कोळी’ लिहायच्या जागी नुसतं ‘हिंदू कोळी’ लिहिलेलं असतं. त्या एका शब्दावर मुलाची पुढची सगळी सवलत अडते, कारण नुसता कोळी अनुसूचित जमातीत येत नाही. दुरुस्ती मूल त्या शाळेत शिकत असेपर्यंतच करून घ्या. शाळा सोडल्यावर ती फार अवघड जाते.

शाळा

मुख्याध्यापक तीन गोष्टी मागतील: दाखला, आधार, वयाचा पुरावा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो की सहा ते चौदा वयाच्या मुलाला यांतलं काही नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला नंतर आला तरी चालतो, जून उलटून गेला असला तरी प्रवेश द्यावा लागतो, आणि अकरा वर्षांची मुलगी कधीच शाळेत गेली नसेल तर तिला पहिलीत नव्हे, तिच्या वयाच्या वर्गात बसवून वेगळं शिकवायचं असतं. कायद्याची मराठी प्रत पिशवीत ठेवा. वाचून दाखवायची वेळ क्वचित येते. टेबलावर ठेवली की पुरते.

गावच्या शाळेतून निघताना मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळायला हवं. भट्टीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते दाखवलं की मूल तिथे बसतं आणि परत आल्यावर आपल्या शाळेत पुढच्या वर्गात जातं. दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजींकडे जाऊन कार्डं भरून घ्या. गुरुजी चांगले असतात हो, फक्त त्यांच्यावर पंचवीस ॲपांचं ओझं असतं. तुम्ही बसून नावं लिहून दिलीत तर काम एका दुपारीत होतं.

मूल शाळेत जायला लागलं की पहिल्या आठवड्यात तिथे जाऊन नुसतं बसा. कातकरी मूल घरी वेगळी बोली बोलतं. पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते आणि ते गप्प बसतं. मग त्याला ‘मंद’ म्हणतात. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचं तिसावं कलम आदिवासी मुलाला स्वतःची भाषा वापरायचा हक्क देतं. हे कलम शाळेतल्या बाईंना ऐकवू नका. त्यांना सांगा की या मुलाला दहा माशांची नावं येतात, विचारून बघा.

सातवी-आठवीनंतर आश्रमशाळा, आणि पुण्यात कॉलेजला येणाऱ्यांसाठी आदिवासी विभागाची वसतिगृहं आहेत. जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट मुलाच्या खात्यात येतात. या सगळ्याचा कारभार आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयातून चालतो. मुळशीच्या टोकाच्या वाडीतून तिथे जायचं तर आधी पुणे, मग मंचर, मग घोडेगाव: दिवस गेला आणि दोघांची मजुरीही. तुमच्याकडे गाडी असेल तर दप्तरांपेक्षा ती जास्त उपयोगाची.

दंडाची पट्टी

अंगणवाडीताईकडे रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं तर मूल तीव्र कुपोषित, साडेबाराच्या खाली तर मध्यम. लाल आलं की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. आईला तिथे बाळासोबत राहावं लागतं आणि इथेच गाडं अडतं, कारण घरी दुसरी दोन मुलं असतात आणि रोजची मजुरी बुडते. ती दोन कोणाकडे राहतील हे आधी ठरवा, मग तिला जायला सांगा. तिच्यावर ओरडणारे पुष्कळ भेटतात. भट्टीवर आलेल्या मुलाला जवळच्या अंगणवाडीत आहार मिळू शकतो, नाव तिथे घालून घ्या.

भट्टीवरचा हिशेब

इथे सावध राहा, कारण तुम्ही संध्याकाळी पुण्याला परतता आणि ते तिथेच असतात. उचल घेणं गुन्हा नाही. पण उचल फिटेना म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवत असतील, किंवा ‘पैसे फेडल्याशिवाय जायचं नाही’ म्हणत असतील, तर १९७६ च्या कायद्यानुसार ती वेठबिगारी. तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे. सुटका झाली की ते कर्ज कायद्यानेच संपतं. मुक्ती प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय कुटुंबाला घरी नेऊ नका. पुनर्वसनाची मदत त्यावरच अवलंबून असते. आदिवासीला वेठीला धरणं ॲट्रॉसिटीच्या कायद्यातही बसतं.

मात्र तक्रार करायची की नाही हे कुटुंब ठरवेल, तुम्ही नाही. एका जोडीच्या वतीने मी उत्साहात अर्ज दिला होता. चौकशीला माणसं पोचेपर्यंत जोडी रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात हलवली गेली होती. त्यांचा धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता. आता मी आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाशी बोलते. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय आहे, अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १५१०० वर फोनही करता येतो.

मुलाला उचलून आणू नका

‘हुशार मुलगी आहे, आम्ही शहरात ठेवून शिकवतो’ असं म्हणणारे दरवर्षी भेटतात. मनाने चांगले असतात. तरी नाही. मूल घरात ठेवायचं असेल तर कायद्याचे रस्ते आहेत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीचा कागद न दाखवणाऱ्या वसतिगृहात मूल पाठवायला मदत करू नका, तिथे कितीही छान प्रार्थना होत असली तरी. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हेही त्याच कायद्यात आहे. गरिबी हे आई-बापापासून तोडायचं कारण नाही. सिग्नलवरच्या पारधी मुलाच्या बाबतीतही आधी आई शोधा. ती बहुधा वीस पावलांवर, दुभाजकाच्या सावलीत असते.

मूल खरंच धोक्यात असेल, मारहाण, लैंगिक अत्याचार, बालविवाह, तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा. लैंगिक अत्याचाराची माहिती कळूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, तुमच्यासाठीही. मुलाला खोदून खोदून विचारू नका. त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. नाव, गाव, शाळा कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही.

फोटोचंही तेच. ब्लँकेट घेणाऱ्या मुलाचा फोटो तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला की पुढच्या वर्षी देणग्या वाढतात, खरंय. त्या मुलाने मोठं झाल्यावर तो बघितला तर?

आमच्यासोबत कामाला नवीन येणाऱ्या प्रत्येकाकडून आम्ही पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला घेतो आणि मुलांसोबत कोणालाही एकटं बसू देत नाही. कोणाला राग येतो. ते परत येत नाहीत, आणि आम्हीही बोलवत नाही.

जमीन

पुणेकरांसाठी एवढंच: मावळ-मुळशीत फार्महाऊसची जागा बघत असाल तर सातबारा नीट वाचा. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. वाडीच्या पोरांसाठी शनिवारी वह्या वाटायच्या आणि सोमवारी त्यांच्या आजाच्या तुकड्याचा व्यवहार करायचा, अशी माणसं मी पाहिली आहेत. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीसाठी २००६ च्या वनहक्क कायद्याने दावा करता येतो. सुरुवात ग्रामसभेच्या वनहक्क समितीपासून.

पिशवीत काय ठेवायचं

शिक्का मारायची शाईची गादी, कारण अंगठे लागतात. झिपच्या जाड पिशव्या, कागदांसाठी, प्रत्येक घराला एक. पासपोर्ट फोटो काढता येईल असं पांढरं कापड. एक वही, तिच्यात प्रत्येक मुलाचं एक पान: जन्म कुठे, नोंद आहे का, शाळा, आधार, पुढची खेप कधी. पाण्याची बाटली. कचेरीत खिडकीपलीकडच्या माणसाचं नाव आणि अर्जाचा पोच क्रमांक लिहायला पेन. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

मंगळवारी सकाळी सातला निघायचं. भूगावच्या पुढे ट्रॅफिक नको असेल तर साडेसहाला.